दळवीचे तीस अंश

चंद्रप्रकाश दळवीला आमच्या सोसायटीत 'ब्लॅक होलवाले सर' म्हणतात आणि त्याला ते मनापासून आवडतं. मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत दोन डॉक्टर आहेत, एक सीए आहे, तळमजल्यावर एक बाई केक करून विकते. या सगळ्यांचा लोकांना काही ना काही उपयोग होतो. दळवीचा कुणालाच होत नाही, आणि मान मात्र त्याचाच मोठा. नव्या लिफ्टची फीत त्याने कापली. पाण्याच्या टाकीला रंग दिला तेव्हा नारळही त्यानेच फोडला.

मी अनुपमा. त्याच्या वरच्या मजल्यावर राहते. घाटकोपरच्या ज्या कॉलेजात तो भौतिकशास्त्र शिकवायचा, तिथेच मी रसायनशास्त्र शिकवलं. म्हणजे हा माणूस मी स्टाफरूममध्येही सोसला आणि जिन्यातही. आईला दळवीसरांबद्दल काही विचारू नका, असं माझी मुलगी आलेल्या पाहुण्यांना आधीच बजावते, कारण एकदा सुरू झाले की मी थांबत नाही.

दर वर्षी माघी गणपतीत, मुलांचा फॅन्सी ड्रेस आणि बायकांचं हळदीकुंकू यांच्यामध्ये, दळवीचं व्याख्यान असतं. तो घरून एक पारदर्शक टब आणतो. टबाला तळाशी भोक आणि भोकात बूच. पाणी भरायचं, हाताने ढवळायचं आणि बूच ओढायचं. पाणी गरगरत खाली जातं आणि दळवी हात वर करून सांगतो, "ताऱ्याकडून ओढलेला वायू ब्लॅक होलमध्ये सरळ पडत नाही. असा फिरत फिरत जातो. त्याची तबकडी होते. ती घासून घासून तापते, इतकी की तिच्यातून क्ष-किरण निघतात. ब्लॅक होल दिसत नाही, पण त्यात पडणाऱ्याची शेवटची बोंब आपल्यापर्यंत येते!" बोंब म्हटलं की बायका हसतात. मग तो तबकडीच्या वर तरंगणाऱ्या तापलेल्या ढगाचं सांगतो. त्या ढगाला कोरोना म्हणतात. त्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी खोकतं. दर वर्षी खोकतं आणि दर वर्षी दळवी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसतो.

मग शेवटचा बॉम्ब. "आणि आमचं ब्लॅक होल फिरतं किती वेगाने? जास्तीत जास्त वेग म्हणजे एक, असं समजा. आमचं आहे शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव!" आमचं! जशी काही गोठ्यात बांधलेली म्हैस. टाळ्या कडाडतात. हा आकडा आला कुठून, हे विचारायची गरज आजवर एकालाही वाटली नाही. दळवीने आरटीओत खेटे घालून स्कूटरलासुद्धा अठ्ठ्याण्णव नंबर मिळवला. मुलुंडच्या खड्ड्यांतून ती स्कूटर ज्या वेगाने जाते, तो बघितला की मला फार बरं वाटतं.

या आकड्याचं एवढं कौतुक का, ते त्याच्या बायकोने, शकुने, मला एकदा सांगितलं. तरुणपणी दळवीला ट्रॉम्बेला जायचं होतं, अणुकेंद्रात. मुलाखतीपर्यंत पोचला आणि तिथून परत आला. निवड झाली ती शकुच्या बहिणीच्या नवऱ्याची, म्हणजे दळवीच्या साडूची. हा साडू दिवाळीच्या फराळालाही गळ्यातलं ओळखपत्र काढायला विसरायचा आणि चिवडा खाता खाता विचारायचा, "काय मग प्रोफेसर, तुमच्या ब्लॅक होलचा आज भाव काय?" दळवी करंजीचे तुकडे करत बसायचा. मग त्याचा पेपर छापून आला, अठ्ठ्याण्णववाला. परदेशातल्या लोकांनी त्याचा उल्लेख केला. त्या दिवाळीला साडूने गपचूप चिवडा खाल्ला. त्या दिवसापासून तो आकडा दळवीच्या घरात देव्हाऱ्यातल्या टाकासारखा आहे.

आता हे काम असतं कसं, ते मी सांगते, कारण दळवी सांगेल त्यात टब येईल. ब्लॅक होल इतकं लांब असतं की कितीही मोठ्या दुर्बिणीतून त्याची तबकडी तबकडीसारखी दिसत नाही. येतो नुसता उजेड. कोणत्या ऊर्जेचे किती क्ष-किरण आले, ते उपग्रह मोजतो. इथे बसलेला माणूस कॉम्प्युटरवर एक मॉडेल बनवतो. तबकडी एवढी गरम, आतली कड ब्लॅक होलच्या इतकी जवळ, आपल्याकडे इतक्या अंशांत कललेली, वरचा कोरोना इतक्या उंचीवर. या आकड्यांतून जो उजेड निघेल तो मोजलेल्या उजेडाशी जुळवून बघतो. नाही जुळला की आकडे हलवायचे. पण सगळेच आकडे मोकळे सोडले तर कॉम्प्युटर भरकटतो, म्हणून काही आकडे एका जागी बांधून टाकतात. याला ही मंडळी 'फ्रीझ करणं' म्हणतात. दळवीने तबकडीचा कल फ्रीझ केला होता. तीस अंशांवर.

इथे माधुरी येते. माधुरी तायडे, दळवीची पीएचडीची विद्यार्थिनी. घर पंतनगरला, मूळ गाव बुलढाण्याकडे, आई महापालिकेच्या दवाखान्यात नर्स. मुलगी हुशार होती, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिला 'हो सर' म्हणायची सवय नव्हती. आमच्या कॉलेजात ही सवय नसलेली माणसं फार थोडी, आणि ती बहुतेक कँटीनमध्ये कामाला होती.

एक दिवस दुपारी ती स्टाफरूममध्ये आली. आम्ही सगळे डबे उघडून बसलो होतो.

"सर, ते तीस अंश कुठून आले?"

दळवीच्या हातात मटकीची उसळ होती. "अगं, ते एस्टॅब्लिश्ड आहे. पेपर वाच ना."

"वाचले सर. नव्या पेपरवाल्यांनी त्याच्या आधीच्या पेपरचा हवाला दिलाय. त्यांनी अजून आधीच्याचा. आणि त्या अजून आधीच्यांनी तुमचा दिलाय."

"मग? बरोबरच आहे."

"आणि तुम्ही तुमच्या पुढच्या पेपरात परत त्यांचा दिलाय. म्हणजे सर, गोल फिरून तुमच्याकडेच आलं. सुरुवातीला कोणी मोजलं होतं?"

दळवी वर बघून विचार करू लागला, आणि मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं की तो खरोखर आठवतोय. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं. जगभरातल्या चार शहाण्यांनी लिहिलं म्हणून त्यालाही वाटायला लागलं होतं की कुणीतरी मोजलं असणार. मग आठवलं. तो नाकातून हसला, छोटंसं, एक खांदा उडवून.

"काहीतरी धरावं लागतं ना गं. सध्यापुरतं धरलं होतं. नंतर सोडणार होतो."

"पण तीसच का?" मी विचारलं. "कंपासपेटीतल्या गुण्यात असतो म्हणून?"

बाकीचे हसले. दळवीने उसळीचा डबा बंद केला.

माधुरीने मला नंतर कँटीनमधलं स्टीलचं ताट हातात धरून समजावलं. "मॅडम, हे ताट समोर धरलं की गोल दिसतं. कललं की चपटं दिसतं, उजेड पण कमी येतो. आपल्याला ताट दिसतच नाही, नुसता उजेड मोजलाय. मग ताट लहान आणि समोर आहे, की मोठं आणि कललेलं आहे, ते कसं सांगणार? सरांनी तीस अंश, म्हणजे जवळजवळ समोर धरलं, म्हणून लहान निघालं. लहान म्हणजे आतली कड जवळ, आणि कड जेवढी जवळ तेवढं ब्लॅक होल जोरात फिरतं. आलं अठ्ठ्याण्णव. मी कल मोकळा सोडला तर काय होतं माहितीये? काहीही चालतं. हळू पण जुळतं, जोरात पण जुळतं."

"म्हणजे अठ्ठ्याण्णव गेलं?"

"वाट लागली त्याची."

हेच तिने प्रबंधात लिहिलं, सरळ, नाव घेऊन. आणि प्रबंध विद्यापीठात द्यायचा तर गाइडची सही लागते. तिथे घोडं अडलं.

दळवी चिडला नाही. चिडला असता तर मी त्याला माणूस म्हटलं असतं. तो प्रेमळ झाला. "बेटा, उपग्रहाच्या मोजणीतला भलतीकडचा उजेड परत वजा करून बघ." तिने बघितलं. "आता कोरोना वेगळ्या आकाराचा घेऊन बघ." तेही केलं. "बेटा, घाई नको, नाव खराब होतं." कोणाचं नाव, ते तो बोलला नाही. तिची फेलोशिप संपली. ती पंतनगरच्या एका क्लासमध्ये बारावीच्या पोरांना शिकवायला लागली आणि उरलेल्या वेळात दळवीने सांगितलेल्या नव्या नव्या फेऱ्या मारत राहिली. मग बंगळूरच्या एका संस्थेने तिला बोलावलं, तिच्या मनातल्या कामासाठी. अट एकच, जूनअखेर प्रबंध दाखल झालेला हवा. नाहीतर जागा दुसऱ्याला. मे उजाडला तरी सही झाली नव्हती.

मी दळवीला जिन्यात गाठलं. "दळवी, त्या पोरीची सही कर."

"अगं, तिचं काम अजून कच्चं आहे."

"आणि तुझं काय पिकलेलं होतं? गुण्या घेऊन बसला होतास."

तो कठड्याला धरून उभा राहिला. "अनुपमा, लोकांना काय सांगू गं? इतकी वर्षं अठ्ठ्याण्णव सांगतोय."

"अरे, आपल्या सोसायटीला अठ्ठ्याण्णव काय आणि अठ्ठावीस काय!"

"मला फरक पडतो," तो म्हणाला. "आणि दिवाळीला तो येईल ना."

मला वाईट वाटलं, हे मी नाकारत नाही. पण ते दुसऱ्या मजल्यापर्यंतच टिकलं. एका साडूच्या चिवड्यासाठी हा गृहस्थ एका मुलीचं आयुष्य अडवून बसला होता, आणि वर तोंड करून मला दिवाळी सांगत होता.

त्याच महिन्यात त्याचा सेवानिवृत्तीचा सोहळा आला. कॉलेजच्या हॉलमध्ये बॅनर लावला होता. छापणाऱ्याने इंटरनेटवरून ब्लॅक होलचं चित्र काढलं होतं आणि मधल्या काळ्या गोलात बरोबर दळवीचं डोकं बसवलं होतं. त्या पोराला भौतिकशास्त्र किती येत होतं माहीत नाही, पण माणसं चांगलीच ओळखता येत होती. तळमजल्यावरच्या बाईने केक करून दिला होता, त्यावर क्रीममध्ये ०.९८. प्रमुख पाहुणे होते निमेशभाई, आमचे माजी नगरसेवक. निवडणूक तोंडावर असली की निमेशभाईंना विज्ञानाची आवड उत्पन्न होते.

प्रथेप्रमाणे एका विद्यार्थ्याने गुरूविषयी बोलायचं असतं. पीएचडीची एकच विद्यार्थिनी होती. मी माधुरीला बाहेर पॅसेजमध्ये गाठून सांगितलं, "चार गोड शब्द बोल आणि सही घेऊन मोकळी हो. नंतर शिव्या दे, मी ऐकायला आहेच."

"मॅडम, गोड बोलायला गेले ना, की माझं तोंडच वाकडं होतं. आई पण म्हणते." तिच्या खांद्यावर पिशवी होती आणि पिशवीत सही व्हायचा कागद. तो ती महिनाभर सगळीकडे घेऊन फिरत होती.

ती माइकसमोर गेली आणि बोलली. सरांनी मला मॉडेल बनवायला शिकवलं, त्यांच्यामुळे मी या विषयात आले, हे म्हणाली. तेही खरंच होतं. मग म्हणाली, "सरांच्या ब्लॅक होलचा वेग शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव आहे, असं इथे केकवर लिहिलंय. तो वेग किती आहे ते आपल्याला माहीत नाही. सरांनी तबकडीचा कल अंदाजाने धरला होता आणि पुढे सगळ्यांनी तो खरा मानला. सरांनी पण. माझ्या प्रबंधात हे लिहिलंय. प्रबंधावर सरांची सही बाकी आहे. जूनमध्ये नाही दिला तर माझी बंगळूरची जागा जाईल. धन्यवाद."

पहिल्या रांगेत शकु मांडीवर शालीचं पाकीट घेऊन बसली होती. तिने ते घट्ट धरलं. दळवीचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, आता हा उठून जाईल. किंवा, देवाने बुद्धी दिली तर, माफी मागेल.

निमेशभाई मोबाइल बघत होते. शांतता झाली म्हणून त्यांना भाषण संपल्याचं कळलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. निमेशभाईंनी वाजवल्या म्हणून प्राचार्यांनी वाजवल्या. मग हॉलने. निमेशभाईंनी माइक घेतला. "काय बोलली ही मुलगी! एकदम झकास! सर, तुमच्या हाताखाली चूकसुद्धा सापडली! आमच्याकडे तर इतकी वर्षं कोणाला चूक सापडतच नाय!" हॉल हसला. "एक शोध पहिला, आणि एक शोध हा. डबल शोध झाला ना! सरांसाठी अजून एकदा जोरात!"

दळवीचा चेहरा मी तेव्हा बघत होते. आयुष्यभर आकडे जुळवलेल्या माणसाने एवढ्या झरझर जुळवाजुळव केलेली मी कधी बघितली नव्हती. गालांवर रंग परत आला. तो उठला, माइक हातात घेतला, आणि म्हणाला, "मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, गुरूलाही प्रश्न विचारा. जेव्हा आम्ही हा कोन मोकळा सोडायचं ठरवलं..."

आम्ही! मी माझ्या खुर्चीत अर्धी उठले. शेजारच्या झूलॉजीच्या बाईंनी माझा पदर धरून मला खाली बसवलं.

त्याने माधुरीला स्टेजवर बोलावलं, कागद मागितला आणि निमेशभाईंच्या पेनाने सही केली. फोटोग्राफरचा फ्लॅश पडला नाही, म्हणून पेन कागदावर ठेवून परत एकदा सही केल्यासारखं केलं. मग केक कापला. अठ्ठ्याण्णवातला नऊ निमेशभाईंना गेला, आठ प्राचार्यांना, आणि शकुने मला शून्य आणून दिलं. मी ते खाल्लं, कारण केक चांगला होता.

चूक केली म्हणून सत्कार, आणि दुसऱ्याने ती काढली म्हणून परत सत्कार. मी माधुरीवर भडकले. "तू गप्प कशी बसलीस गं? तोंडावर बोलायचं होतंस, आम्ही कसलं, मी सोडला म्हणून!"

"जाऊ दे ना मॅडम. मला सही पाहिजे होती, मिळाली." ती कागद पिशवीत नीट ठेवत होती. "आणि तीस अंश गेले. आता परत कोणी तसं नाही धरणार."

ती बंगळूरला गेली. पुढच्या माघी गणपतीत दळवीने तोच टब आणला, तेच बूच ओढलं, मागून तोच खोकला आला, आणि शेवटी हात वर करून तो म्हणाला, "आणि आम्ही सिद्ध केलंय की याचा वेग आज जगात कुणालाच सांगता येत नाही!" टाळ्या आधीपेक्षा जास्त पडल्या. साडूसुद्धा आला होता. त्यानेही वाजवल्या. शकु म्हणाली, आता घरी जास्त बरं वाटतंय, अठ्ठ्याण्णव चुकेल अशी भीती तरी नाही. स्कूटरचा नंबर तेवढा तोच राहिला.

मागच्या रविवारी माधुरीचा फोन आला. मी खूश होते. दळवीच्या कचाट्यातून सुटलेली एकुलती एक व्यक्ती, आणि त्यात माझा थोडा हात होता असं मी लोकांना सांगत असते.

"काय चाललंय गं?"

"मस्त चाललंय मॅडम! आता कोरोनावर काम करतेय. तो ढग. त्यातून क्ष-किरण खाली तबकडीवर पडतात आणि परत उसळतात, त्याचं मॉडेल. पहिला पेपर पाठवला पण. इथले सर खूश आहेत."

"तो ढग असतो किती उंचीवर?"

"ते दहा धरलंय. ब्लॅक होलच्या मापाने दहा."

"दहाच का?"

मग मला ते ऐकू आलं, नाकातून हसलेलं, छोटंसं. खांदा दिसला नाही, पण उडाला असणार.

"सगळे दहाच धरतात मॅडम. काहीतरी धरावं लागतं ना. सध्यापुरतं धरलंय. नंतर सोडेन."

"नक्की सोड हं," मी म्हटलं.